बखीतच्या नावाची कॉफी

ज्या साली हाज हरीदीला सहा मुलींच्या पाठीवर मुलगा झाला, त्याच साली कैरोचे मालिकावाले आमच्या कोम दूम गावात उतरले. मुलगा झाल्याच्या आनंदात हाजने गच्चीवर तबकडी बसवली, रंगीत टीव्ही आणला आणि साऱ्या आळीला दार मोकळं केलं. साठी ओलांडलेला माणूस, धाकट्या बायकोच्या पोटचा मुलगा. लोक तोंडावर अभिनंदनाचं मबरूक म्हणत आणि पाठ वळली की म्हणत, म्हाताऱ्या झाडाला मोहोर तर आला, राखण कोण करणार.

शलबाया ही त्याच्या धाकट्या भावाची, बखीतची, विधवा. गावात मयत झाली की पहिलं बोलावणं तिला जायचं. मेलेल्याचं नाव घेऊन शोक गाणारी तिच्यासारखी दुसरी बाई नाईलच्या या काठाला नव्हती. घरात शिरल्यावर ती आधी इकडेतिकडे बघून घेई. घागरीवर नजर गेली तर घागरीचं गाई, उंबऱ्यातल्या जोड्यावर गेली तर जोड्याचं. ज्या बायकांनी मेलेल्याला जन्मभर शिव्या घातल्या, त्याही तिच्या दोन कडव्यांनंतर काळा पदर तोंडावर ओढून घेत.

आणि स्वतःच्या नवऱ्यासाठी तिने पंचवीस वर्षांत एक ओळ गायली नव्हती.

गायची सोयच नव्हती. आमच्याकडे ज्याचा खून होतो त्याचा दुखवटा धरत नाहीत. आधी बदला घ्यायचा, मग पुरुषांच्या बैठकीत चटया अंथरायच्या, बिनसाखरेची कॉफी फिरवायची, आणि मग लोकांनी यायचं, घरच्यांचा हात हातात घेऊन म्हणायचं, त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हांला लागो. तोवर कोणी सांत्वनाला आलंच तर त्याला दारातून परत लावायचं. कारण एकदा सांत्वन घेतलं की ते रक्त मिटलं. त्यानंतर बंदूक उचलणारा सूड घेणारा उरत नाही, नुसता खुनी होतो.

बखीत गेला तेव्हा नाजी पोटात होता. भांडण पाण्याच्या पाळीचं, आणि तेही हाजचं. कालव्यापलीकडच्या अबूदैफशी त्याची जुंपली. आरडाओरडा ऐकून बखीत जेवता जेवता उठला, निम्मी भाकर ताटात टाकून धावला, आणि हाजवर सुटलेली गोळी त्याला लागली. अबूदैफला जन्मठेप झाली. पण सरकारची शिक्षा ती सरकारची. घराचं रक्त घराकडे तसंच राहिलं. हाजला बाळाचं नाव बखीतच ठेवायचं होतं, म्हणजे हाक मारताना रोज आठवण होईल. शलबायाने बाळंतिणीच्या खाटेवरून कळवलं की नाव नाजी ठेवलंय, वाचलेला. हाजने त्यावर थुंकून टाकलं आणि म्हणाला, नाव काहीही ठेव, काम एकच आहे.

तो नाजी आता चोवीस वर्षांचा होता. उसाच्या दिवसांत टेम्पोतून ऊस गुऱ्हाळाला न्यायचा, एरवी माणसं वाहायचा. शाळेच्या शिपायाच्या घरावरून जाताना कारण नसताना भोंगा वाजवायचा, आणि त्या घरातली मुलगी कारण नसताना दाराशी यायची.

हाजच्या मुलाच्या सातव्या दिवशी मोठं जेवण झालं आणि रबाबवाला आला. त्याने जुन्या वीराची गोष्ट लावली. वीराचा भाऊ मारला गेला, वीराने घोड्यावर मांड टाकली, शत्रूंची मुंडकी कलिंगडांसारखी पडू लागली. पुरुष मांड्यांवर थापा मारत होते. शलबाया बायकांबरोबर आडोशाला बसून ऐकत होती. मेलेल्या भावाची बायको त्या गोष्टीत एकदाच आली, दीड ओळीत रडली आणि गोष्ट घोड्याबरोबर पुढे निघून गेली. शलबायाच्या मनात आलं, हिचं पुढे काय झालं ते या रबाबवाल्याला कोणी कधी विचारलंच नसेल. पीठ कोणी दळलं, पोराला ताप आला तेव्हा कोण जागलं.

गाणं थांबलं तसा हाज उठला. डोळे भरून आले होते त्याचे. सगळ्यांदेखत त्याने नाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अबूदैफ बकरी ईदनंतर सुटतोय. ऐकलंस ना? हे गाणं तुझं आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "त्याच्या हाताला गाडीचं चाकच शोभतं, हाज. भोंगा वाजवून मारेल."

हशा पिकला. नाजीचे कान लाल झाले. एकटा शेख शाहीन हसला नाही. गावचे तंटे मिटवणारा हा म्हातारा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऐकू येण्यात तरण्यांना मागे टाकेल असा. तो काठीवर हनुवटी टेकून इतकंच म्हणाला की, रबाबवाल्याच्या गोष्टीत पोरांना आया नसतात असं दिसतं.

आठवड्याने हाजच्या घरून घोंगडीत गुंडाळलेली बंदूक आली. दुसऱ्या दिवशी शलबाया वाळलेल्या गोवऱ्या काढायला गच्चीवर गेली तर नाजी उन्हात बसून ती बंदूक चिंधीने पुसत होता.

"कशाला घासतोयस?"

"गंजलीय."

"गंजू दे."

"अम्मा, मी कॉफीच्या दुकानात बसलो की लोक खुर्ची फिरवून बसतात."

"बसू देत. पाठीला तोंड नसतं, बोलणार तरी नाहीत."

नाजीने चिंधी खाली ठेवली. "मी त्या माणसाला कधी पाहिलंसुद्धा नाही. पण नाही केलं तर मी इथं राहू शकत नाही, आणि केलं तर इथं राहणार नाही. तूच सांग, काय करू?"

शलबायाने गोवऱ्या टोपलीत भरल्या आणि खाली आली. कैरोला पळून जा म्हणावं तर तिथेही गावची माणसं होती. पोलिसांना सांगावं तर हाजचा मेहुणा पोलिसात. अबूदैफ मेला की त्याची मुलं नाजीला शोधणार, नाजी गेला की हाजच्या पाळण्यातल्या पोराची पाळी. पाण्याची पाळी एकदा ठरली की मोडत नाही, तशीच ही.

त्या दिवसांत ती संध्याकाळी हाजच्या घरी टीव्ही बघायला जायची. तिथे आळीतल्या सगळ्या बायका जमत. मालिकेतला मुलगा दर्यात बुडायचा, त्याची वाग्दत्त वधू किनाऱ्यावर उभी राहायची, व्हायोलिनं वाजू लागायची आणि शलबायाला रडू फुटायचं. नुसतं डोळे पुसण्याइतकं नाही, हमसून. बायका थट्टा करायच्या की बाई, तू तर रडण्याचे पैसे घेतेस, इथे फुकट कशी. ती हसून घ्यायची. पण तिला ठाऊक होतं ती काय करतेय. त्या पोरीसाठी रडायला कोणाची परवानगी लागत नव्हती. मालिकेतला मुलगा कोणाच्या गोळीने मेला, त्याचा बदला झाला की नाही, हे कोणी विचारत नव्हतं. परक्या माणसाच्या खोट्या मरणाआड तिने आपलं खरं मरण कितीदा रडून घेतलं होतं.

मग एके दिवशी मालिकावाल्यांच्या गाड्या आल्या. दिग्दर्शक उस्ताज रौफ, गळ्यात मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलताना हातांनी हवेत चौकटी आखणारा. रमजानात दाखवायची मालिका होती. दोन वैरी घराणी, एका घरची मुलगी दुसऱ्या घरी दिलेली, तिचा नवरा मन्सूर मारला जातो, असं काहीतरी. त्याला जुनी बैठक हवी होती, ती हाजची होती. मेलेल्याचा भाऊ म्हणून दारात उभा राहायला रुबाबदार मिशीवाला माणूस हवा होता. हाजने मिशीला कलप लावून घेतला. नट आणायची काय गरज, तो म्हणाला, आमच्याकडे दार आमचं, मिशी आमची. शेजारी पुतण्या म्हणून उभं करायला उस्ताजने नाजीला निवडलं, कारण पोराच्या चेहऱ्यावर म्हणे आधीपासूनच मरण दिसत होतं.

शोक गाण्यासाठी त्याला अस्सल बाई हवी होती. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. शलबाया नाही म्हणाली. मेलेला नसताना शोक गायला तर घर मेलेला शोधून आणतं, हे तिच्या आईने तिला सांगितलं होतं, आईला तिच्या आईने. उस्ताज हसला नाही, पण ऐकलंही नाही. त्याने विधवेचं काम करणाऱ्या नटीला तिच्याकडे पाठवलं.

ती पोरगी निहाल नावाची होती. पायातले बूट उंबऱ्याबाहेर काढून आत आली, चुलीपाशी मांडी घालून बसली, चहात चार चमचे साखर मागून घेतली. शलबायाला ती आवडली.

"खालती," ती शलबायाला मावशी म्हणून हाक मारत म्हणाली, "मला सांगा, नवरा मेल्याचं कळतं तेव्हा बाई पहिल्यांदा काय करते? उस्ताज म्हणतात, किंचाळून केस उपटायचे."

"पहिल्यांदा चूल विझवते," शलबाया म्हणाली. "तवा तापलेला असतो ना. भाकर करपू नये म्हणून."

निहालने कप खाली ठेवला. म्हणाली, "खरं आहे. पण खालती, पडद्यावर चूल विझवलेली कोणाला कळत नाही. तिथे ओरडावंच लागतं. तुम्ही तरी गाण्यात ओरडताच की."

"आम्ही नाव घेऊन ओरडतो."

"आम्हीही. मन्सूरचं."

"मन्सूरला तू कधी जेवायला वाढलंयस का?"

पोरगी हसली, आणि हसता हसता तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. तिने शलबायाच्या नवऱ्याबद्दल विचारलं नाही. गावात तिला कोणीतरी सांगितलं असावं. फक्त उठताना म्हणाली की उद्या सगळं खऱ्यासारखं होणार आहे, हाज दारात उभे राहणार, गावातलीच माणसं सांत्वनाला येणार, उस्ताजना तर कॉफीसुद्धा खरी हवीय, वाफ दिसली पाहिजे म्हणून.

शलबायाने विचारलं, "साखर घालून?"

"बिनसाखरेची. दुखवट्यात तशीच असते ना?"

ती गेल्यावर शलबाया विझलेल्या चुलीसमोर बसून राहिली. बिनसाखरेची कॉफी. दारात मेलेल्याचा भाऊ, त्याच्या शेजारी मेलेल्याचा मुलगा. आत रडणाऱ्या बायका. दुखवट्याला आणखी काय लागतं? एक नाव लागतं. मेलेला नसताना गाऊ नये, हे आईचं म्हणणं बरोबर होतं. पण तिच्या घरात मेलेला होता. पंचवीस वर्षं तिष्ठत उभा होता.

तिने उस्ताजला होकार कळवला. हाजलाही बरं वाटलं. भावजयीने मान राखला, असं तो चारचौघांत बोलला.

थंडीचा तूबा महिना होता, ऊन कोवळं पण हवेला धार. बैठकीच्या अंगणात चटया पडल्या. आतल्या खोलीची खिडकी अंगणात उघडत होती, म्हणजे बायकांचा आवाज पुरुषांवर यावा. सकाळभर उस्ताजने तालीम घेतली. माणसं ओळीने यायची, हाजचा हात धरायची, मन्सूरचं उरलेलं आयुष्य तुम्हांला लागो म्हणायची, आणि हाजने म्हणायचं, आयुष्य तुमचंच उरो. पुन्हा. अजून एकदा. आवाज खाली. हाजच्या तोंडात ते इतकं बसलं की मध्ये एकाने काडेपेटी मागायला हात पुढे केला तर हाज त्यालाही म्हणाला, आयुष्य तुमचंच उरो. माणसं पोट धरून हसली. उस्ताजने दरडावून सांगितलं की आता खेळ पुरे, एकदा सुरू झालं की मी सांगेपर्यंत कोणी थांबायचं नाही, काही झालं तरी नाही, तुमच्या घरचाच दुखवटा आहे असं समजा.

दुपारच्या नमाजानंतर सुरुवात झाली. आत मयताची रिकामी ताटी ठेवलेली, तिच्यापाशी निहाल, भोवती गावातल्या बायका, आणि मधोमध शलबाया. बाहेर कॉफीचे पेले फिरले. तिने पहिली दोन कडवी मन्सूरची गायली. नीटनेटकी, जशी परक्या घरी गायची तशी. बायका सवयीने हुंदके देत होत्या. मग ती थांबली. डोक्यावरचा पदर तिने कपाळावर गाठ मारून बांधला, जसा फक्त घरची बाई बांधते. आणि ताटीवर हात ठेवला.

निम्मी भाकर ताटी, निम्मी त्याच्या हाती,
बखीत उठून गेला, तवा निवला माझ्या माथी.

आतल्या बायकांनी माना वर केल्या.

खुंटीला मुंडासं, त्याला माथा कुणी द्यावा,
पोटातल्या लेकराने बाप कुणाचा म्हणावा.
पुसते कालव्याला, माझा बखीत कुठं गेला,
पाणी पाळीने वाहतं, एकटा तो पाळीविना मेला.

कोपऱ्यातल्या एका म्हातारीने पहिली हाक दिली, "या बखीत." मग दुसरीने. त्या खोलीत अशी एक बाई नव्हती जिच्या घरी शलबाया रडून आली नव्हती. बापासाठी, भावासाठी, पाळण्यातल्या लेकरांसाठी. तिचं परतीचं रडणं या बायकांकडे इतकी वर्षं तुंबून राहिलं होतं. आता बांध फुटला. त्यांनी छाती पिटायला सुरुवात केली आणि नाव खिडकीतून बाहेर पडलं, एकदा नाही, पन्नास तोंडांनी. निहालला उस्ताजने केस उपटायला सांगितले होते. तिने ते केलं नाही. ती शलबायाच्या मांडीवर डोकं ठेवून तोंड दाबून रडत राहिली.

बाहेर पेले हातातच थांबले. सगळ्यांनी ऐकलं होतं. हाजच्या मानेची शीर फुगली, पण तो हलला नाही. कॅमेरा त्याच्या मिशीवर होता आणि थांबायचं नाही असं सांगितलेलं होतं. त्याला वाटलं असावं, हे संपलं की बघून घेऊ.

शेख शाहीनने आपला पेला शेवटच्या गाळापर्यंत पिऊन रिकामा केला. काठी टेकत उठला, चाचपडत दारापर्यंत आला आणि हाजचा हात दोन्ही हातांत घेतला.

"हरीदी," तो म्हणाला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा, "बखीतचं उरलेलं आयुष्य तुला लागो."

आणि हाजचं तोंड म्हणालं, "आयुष्य तुमचंच उरो, शेख."

शब्द बाहेर पडल्यावर त्याला कळलं. ओठ उघडे राहिले. पण म्हातारा पुढे सरकला होता. त्याचा हात आता नाजीसमोर होता.

"बाळा, तुझ्या बापाचं उरलेलं आयुष्य तुला लागो."

नाजीने काकाकडे पाहिलं. काकाने डोळ्यांनी खूण केली, नाही. खिडकीतून आईचा आवाज येत होता. शेख शाहीन हात मागे घेईना. मोतीबिंदूचे पांढरे डोळे पोराच्या दिशेने लावून म्हातारा तसाच उभा राहिला. तालमीत हे नव्हतं.

"आयुष्य तुमचंच उरो, शेख," नाजी म्हणाला. नंतर त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला, आणि बापासाठी तो आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर रडला.

मग रांग लागली. आधी म्हातारे, ज्यांनी बखीतला पाहिलं होतं. मग बाकीचे. कॉफीच्या दुकानात खुर्ची फिरवून बसणारेही आले. एकेकाने पेला रिकामा केला, हाजचा लुळा हात उचलला, नाव घेतलं, आणि नाजीला छातीशी धरलं. हाज नंतर कोणालाच काही म्हणाला नाही, पण पहिलं उत्तर दिलेलं होतं आणि ते साऱ्या गावाने ऐकलं होतं.

उस्ताज रौफने थांबा म्हटलं तेव्हा तो चष्मा काढून डोळे पुसत होता. मग त्याला आठवलं. फार सुंदर, तो म्हणाला, फक्त नाव चुकलं, खालती, एकदा मन्सूरच्या नावाने परत करू. शलबाया खिडकीशी येऊन म्हणाली, "एका माणसाचा दुखवटा दोनदा होत नाही, उस्ताज. तुमच्या मन्सूरचं तुम्ही बघा."

हाज तोवर बायकांच्या खोलीत शिरला होता. पंचवीस वर्षांत त्याने तसं कधी केलं नव्हतं. तो ओरडला नाही. दात आवळून म्हणाला, "हे नाटक होतं. नाटकातलं काही धरत नाहीत."

"नाटकात तुम्ही मन्सूरचे भाऊ होतात," शलबाया म्हणाली. "बखीतचं नाव घेतल्यावर कोणाचे भाऊ म्हणून उत्तर दिलंत?"

"माझी जीभ घसरली."

"माझ्या नवऱ्याचा पाय घसरला होता का, तुमचं भांडण ऐकून धावताना?" तिने गाठ सोडून पदर नीट केला. "हाज, तुमचं पोर पाळण्यात आहे. ज्याला गाणं आवडतं त्याने आपल्या घरातून माणूस द्यावा. मोठा करा त्याला, बंदूक द्या, पाठवा. माझ्याकडे होतं ते मी आज पुरलं. आता माझ्या दारात बंदूक आली तर मी ती कालव्यात टाकीन आणि वरून तुम्हांला सांगायला येईन."

हाजच्या मागे पाळण्यात खरोखरच पोर जागं झालं होतं आणि धाकटी बायको ते उचलून घेत होती. ती इतका वेळ खाली बघत होती. आता तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती नजर हाजने पाहिली.

तो बाहेर गेला आणि शेख शाहीनला म्हणाला, तुम्हीच सांगा सगळ्यांना, हे खोटं होतं म्हणून. म्हातारा चटईवर बसून मिश्या पुसत होता.

"मला कुठे दिसतंय कॅमेरा का फॅमेरा," तो म्हणाला. "मी मेलेल्याचं नाव ऐकलं, बायका रडताना ऐकल्या, कडू कॉफी प्यायलो, तुला बोललो, तू मला उत्तर दिलंस. आता प्यायलेली कॉफी ओकून दाखवू का तुला?"

त्या संध्याकाळी नाजीने बंदूक घोंगडीसकट हाजच्या उंबऱ्यात नेऊन ठेवली आणि परत येताना शिपायाच्या घरासमोर भोंगा वाजवला.

हाजने शलबायाशी बोलणं सोडलं. टीव्हीचं दार तिला बंद झालं. त्याच्या बाजूचे काही लोक म्हणत राहिले की बाईने मिशीला दावं बांधलं. तिच्या पाणवठ्यावरच्या जागेवर एकदा कोणीतरी शेण टाकून ठेवलं. तिने ते थापून गोवऱ्या केल्या. बोलावणी कमी झाली, मग पुन्हा सुरू झाली. मरण कोणाचा रुसवा बघत नाही.

बकरी ईदनंतर अबूदैफ सुटून आला. पाठीत वाकलेला, दात पडलेला म्हातारा. त्याच्या मुलांनी त्याला महिनाभर घराबाहेर काढला नाही. शेवटी बाजाराच्या दिवशी तो आला आणि उसाच्या गाड्यांच्या गर्दीत नाजीच्या टेम्पोसमोर सापडला. सगळा बाजार थांबून बघू लागला. नाजीने भोंगा वाजवला. अबूदैफ बाजूला झाला. नाजी पुढे निघून गेला. कॉफीच्या दुकानात त्या दिवशी एकाने म्हटलं, भोंग्याने मारला म्हणायचा, आणि या वेळी नाजीही हसला.

रमजानात मालिका दाखवली. नाजीने जुना, काळापांढरा टीव्ही विकत आणला होता. आळीतल्या बायका आता शलबायाकडे जमल्या होत्या. तो प्रसंग आला. पडद्यावर निहालचा चेहरा, गालावरून ओघळलेलं काजळ, मागे मोठमोठी व्हायोलिनं, आणि त्यांच्या खाली कुठेतरी, विहिरीतून यावा तसा, शलबायाचा आवाज. शब्द कापलेले होते. बखीतचं नाव कुठेही नव्हतं. हाजची मिशी तेवढी स्पष्ट दिसली. बायका चिडल्या, एक म्हणाली, चोरांनी नाव खाल्लं.

"खाऊ देत," शलबाया म्हणाली. "ते त्यांच्यासाठी घेतलंच नव्हतं. सरक जरा, निहाल नीट दिसू दे. बघ, रडते कशी पोर. त्यातलं निम्मं खरं आहे."

आणि ती नेहमीसारखी हमसून रडली, व्हायोलिनांसकट.

हाज हरीदी दुसऱ्या वर्षी बरमहात महिन्यातल्या धुळीच्या वाऱ्यांत छाती भरून वारला. धाकट्या बायकोने शलबायाला निरोप पाठवला, येशील का असा. ती गेली, घरात नजर फिरवली, आणि दिवस बुडेपर्यंत त्याच्यासाठी गायली, कलपाच्या डबीचंसुद्धा. त्याच साली उन्हाळ्यात अबूदैफ आपल्या खाटेवर मूत्रपिंडांच्या दुखण्याने मेला. शेख शाहीन त्यानंतरच्या कडाक्यात गेला. बखीत मेला होता तो उन्हाळ्यातल्या बशन्स महिन्यात, भर दुपारी, ज्या साली नाजी पोटात होता त्या साली. नाजी जिवंत आहे.